माळव्याची अफू, मुंबईचं बंदर आणि पेटीमागे १२५ रुपये

शिप्राकाठची

नमस्कार मंडळी.

माझं माहेर उज्जैनचं. आमचं घराणं शिंद्यांच्या काळात देशावरून तिकडे गेलं आणि तिथलंच झालं. पणजोबांचे आजोबा एका सावकाराच्या पेढीवर कारकून होते, एवढंच घरात ठाऊक होतं. गेल्या दिवाळीत माळा आवरताना जमाखर्चाची मोडीतली पाच-सहा सुटी पानं निघाली. मी पुण्यात मोडीचा वर्ग केला आहे, पण अजून अडखळत वाचते. त्यातल्या एका पानावर ही ओळ लागली:

"अफू पेटी नग ४ मुंबईस रवाना. पासाचे हशील दर १२५ कं. एकूण ५००."

(हशील म्हणजे जकात.) पानाचा वरचा कोपरा उंदरांनी खाल्ला आहे. मिती 'ज्येष्ठ वद्य' एवढी दिसते, शक गेला. या ओळीपायी गेले चार महिने मी वाचत बसले आहे. जे समजलं ते आधी मांडते, मग माझा प्रश्न.

चीनला जाणारी अफू म्हटलं की पाटणा आणि गाझीपूर आठवतं. तिथे सगळा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात होता. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने खरेदीचा मक्ता कंपनीकडे ओढला आणि १७९७ पासून कंपनीने आपलेच एजंट नेमले. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची, ठरलेल्या भावात खसखशीच्या बोंडांतला अफूचा चीक घ्यायचा, दुसऱ्या कुणाला विकू द्यायचा नाही. माल तयार झाला की कलकत्त्यात लिलाव. लिलावात घेणारे खासगी व्यापारी, जहाजं त्यांची, जोखीम त्यांची. कंपनी स्वतःच्या जहाजातून अफू चीनला नेत नव्हती, कारण चीनच्या बादशहाने १७२९ मध्येच अफू ओढण्याचा आणि विकण्याचा धंदा बेकायदा ठरवला होता आणि पुढे आयातीवरही बंदी आली. चीनच्या कँटन बंदरातून चहा तर घ्यायचाच होता, त्यामुळे तिथलं दार बंद होऊन चालणार नव्हतं. अफू कुणी नेली असं विचारलं की कंपनीला हात वर करता येत.

माळवा मात्र कंपनीचा नव्हता. शिंदे, होळकर, धार आणि देवासचे पवार, शिवाय रतलाम, कोटा, मेवाड. काळ्या जमिनीत खसखस उत्तम यायची आणि शेतकऱ्यावर कंपनीचा एजंट बसलेला नव्हता. (त्याच्यावर सावकार बसलेला होता. आमचे पूर्वज त्याच सावकाराची वही लिहीत होते, हे मला विसरता येत नाही.) ही अफू गुजरातच्या बंदरांतून आणि मुंबईतून बाहेर जायला लागली तशी कलकत्त्याचा भाव पडायची भीती उभी राहिली. १८०३ मध्ये गव्हर्नर-जनरल वेलस्लीने माळव्याच्या अफूची मुंबईतून निर्यात बंद केली. माल पोर्तुगीजांच्या दमणकडे वळला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, माळवा इंग्रजांच्या दबावाखाली आला. तेव्हा दुसरी युक्ती निघाली. कंपनीनेच माळव्यात अफू विकत घ्यायची आणि मुंबईत व कलकत्त्यात लिलाव करायचा. संस्थानांशी करारमदार करून खाजगी व्यापार दाबायचा. शिंद्यांनी ते मानलं नाही. कंपनी मोठी गिऱ्हाईक म्हणून बाजारात उतरली तसा भाव चढला, भाव चढला तशी लागवड वाढली आणि दमणची वाट बंद झालीच नाही. दहा-बारा वर्षांत हात पोळल्यावर १८३० मध्ये कंपनीने खरेदी सोडली आणि पास काढला: ज्याला माळव्याची अफू मुंबईतून न्यायची असेल त्याने पेटीमागे १७५ रुपये भरावे.

आता माझा प्रश्न. दर १७५ होता, तर माझ्या पानावर १२५ कसे?

---

वाटसरू

वाखूसा (वाचनखूण साठवली). पानाचा फोटो टाका ना ताई.

---

जुना_जकातदार

ताई, माझी अख्खी नोकरी सीमाशुल्कात गेली, म्हणून या दरांकडे मी एका वेगळ्या नजरेने बघतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नकाशात आहे.

१७५ हा आकडा कुणाच्या मनाला आला म्हणून ठरला नव्हता. व्यापाऱ्यासमोर दोन वाटा होत्या. एक सरळ, माळव्यातून मुंबई. दुसरी लांबची: माळव्यातून मारवाडात पाली, तिथून जैसलमेर, वाळवंट ओलांडून सिंध, कराचीला गलबतात माल चढवायचा, समुद्राने दमणला उतरायचा आणि दमणहून चीनच्या किनाऱ्यावरचं पोर्तुगीजांचं मकाव. या वाटेवर उंटाचं भाडं, वाटेतल्या प्रत्येक संस्थानाची राहदारी, लुटीची भीती, अडकून पडलेल्या पैशाचं व्याज. हा सगळा खर्च धरून पेटी जितक्याला पडे, त्याहून मुंबईचा पास स्वस्त असेल तरच व्यापारी मुंबईकडे येणार. कंपनीला हशील वाढवायचं होतं, पण ते लांबच्या वाटेच्या खर्चाहून वर नेता येत नव्हतं.

१७५ जास्त झाले. माल कराचीकडे जातच राहिला. म्हणून १८३५ मध्ये दर १२५ वर आणला. तो उतरवताच मुंबईकडे ओघ वाढला.

आता पुढचे आकडे बघा. फेब्रुवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी कराची घेतली, १८४३ मध्ये त्यांच्या सेनापती नेपियरने अख्खा सिंध घेतला. लांबची वाट बुजली. त्याच १८४३ मध्ये दर १२५ वरून २००. १८४५ मध्ये ३००. १८४७ मध्ये ४००. पुढे १८६१ पर्यंत तो ७०० वर गेला आणि मग थोडा खाली आला. अफू तीच, शेत तेच, गाडी तीच. मधली पळवाट गेली आणि चार वर्षांत हशील तिपटीहून वर.

म्हणजे तुमचं पान १८३५ नंतरचं आणि १८४३ च्या आधीचं. शके १७५७ ते १७६५ च्या दरम्यानचं धरा.

'कं.' हीसुद्धा खूण आहे. १८३५ च्या नाणे कायद्याने कंपनीचा एकसारखा रुपया सुरू झाला. त्याआधी तुमच्याकडे उज्जैनी, सालीमशाही अशी नाणी चालत आणि प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे बदलून घेतानाची घट, वेगळा. कारकुनाने 'कं.' लिहिलं ते वसूल कंपनी रुपयांत होणार होतं म्हणून.

---

शिप्राकाठची

काका, अंगावर काटा आला. शकाचा कोपरा उंदरांनी खाल्ला, पण दराने साल सांगितलं!

पास कुठे मिळायचा? उज्जैनलाच का?

---

जुना_जकातदार

सुरुवातीला इंदूरला, कंपनीच्या अफू एजंटाकडे. पुढे उज्जैन, रतलाम, मंदसौर अशा गावी सरकारी काटे बसले. पेटी काट्यावर चढवायची, वजन नोंदवायचं, सील करायचं, पैसे भरायचे किंवा हुंडी द्यायची, पास घ्यायचा. माल मुंबईत सरकारी वखारीत येई. तिथे पास, सील आणि वजन ताडून बघत आणि मगच जहाजावर चढवू देत. पेटी म्हणजे साधारण साठ-पासष्ट किलो.

या पद्धतीत सरकारला अफू पेरावी लागत नव्हती, विकावी लागत नव्हती, गुदामात नासण्याची चिंता नव्हती. बंगालमध्ये सगळा डोलारा सांभाळावा लागे. इथे नाक्यावर बसून पैसे मोजायचे. नियमन हा शब्द अशा वेळी मला फार खटकतो. नियम होते, कडक होते, पण एकही नियम चीनला जाणारी अफू कमी व्हावी म्हणून केलेला नव्हता. १८०० च्या आसपास भारतातून वर्षाला चारेक हजार पेट्या चीनकडे जात. १८३८-३९ पर्यंत तो आकडा ४०,००० च्या घरात गेला. त्यात माळव्याचा वाटा बंगालच्या तोडीस तोड होता.

---

तापीकाठ

आमच्या खानदेशातून मुंबई-आग्रा रस्ता जातो. सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक, मग थळ घाट. या रस्त्याने माळव्याचा माल मुंबईला उतरायचा हे लहानपणापासून ऐकलं, पण त्यात अफूही असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

एक गोष्ट जोडतो. खुद्द मुंबई इलाख्यात शेतकऱ्याला खसखस पेरायची मनाई होती. १८७८ च्या अफू कायद्यानंतर तर सगळं परवान्यावर. शाळेत आम्हाला 'इंग्रजांनी नशाबंदी केली' अशा थाटात हे सांगितलं गेलं. आता कळतंय की खानदेशात पिकलेली अफू पासाच्या काट्यावर आलीच नसती, म्हणून ती नको होती.

---

परळची_मुलगी

@तापीकाठ, नशाबंदी तर नव्हतीच. इलाख्यात अफूची दुकानं होती आणि त्यांचा मक्ता सरकारच देत होतं.

माझी पणजी गिरणीत होती. बाळागोळी हा शब्द मी आजीकडून ऐकला. सकाळी पाळीला जाताना तान्ह्याला कणभर अफू द्यायची, की ते दुपारपर्यंत झोपून राहील. घरी बघायला कुणी नाही, गिरणीत पाळणाघर नाही. आजी सांगायची की तिच्या एका बहिणीला अशी गोळी जास्त झाली आणि ती उठलीच नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगार बायकांची जी पाहणी झाली तिच्यात ही चाल ठळकपणे नोंदवली आहे. चीनची गोष्ट चालू आहे हे मला समजतं, पण मुंबईतून निव्वळ पेट्या पुढे गेल्या आणि मागे काही उरलं नाही असं कुणाला वाटायला नको म्हणून लिहिलं.

---

शिप्राकाठची

बरं केलंत लिहिलंत. बहिणीचं वाचून थांबले जरा.

---

मांडवीपार

दमणचा उल्लेख आला म्हणून गोव्यातून दोन शब्द.

दमणची जकात हा त्या काळी पोर्तुगीज राज्याच्या खजिन्याचा मोठा आधार होता आणि तो आधार अफूवर उभा होता. या व्यापारातलं मोठं नाव म्हणजे रोजेरियु द फारिया. मूळ गोव्याचा ख्रिस्ती, मुंबईतला जहाजमालक आणि व्यापारी, जमशेटजी जीजीभाईंचा भागीदार. दमण, मुंबई, मकाव, कलकत्ता असा सगळा पसारा. १८३५ मध्ये पोर्तुगालने बेर्नार्दु पेरेस द सिल्वा या गोवेकराला गोव्याच्या कारभारावर नेमलं आणि अवघ्या काही दिवसांत तिथल्या सैन्याने उठाव करून त्यांना हाकललं. ते मुंबईला आले. त्यांच्या परत येण्यासाठी फारियाने पैसा ओतला. तो बेत फसला. पुढे हा माणूस कर्जबाजारी झाला आणि १८४८ मध्ये गेला.

सांगायचं एवढंच की इंग्रजांच्या कागदात 'दमणचे चोरटे' म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते आमच्या दृष्टीने परवाना घेऊन, जकात भरून व्यापार करणारे लोक होते. परवाना दुसऱ्या राजाचा होता. चोरटा कोण हे कुठल्या कचेरीत उभे आहात त्यावर होतं.

---

बंदरावरचा

छान चाललाय धागा. पण मला एक सांगायचं आहे. जमशेटजींचं नाव आलंच आहे, तर लगेच बोलतो. माझ्या आजोबांवर जे. जे. रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर ते तीस वर्षं जगले. १८४५ मध्ये ते रुग्णालय जमशेटजींच्या देणगीतून उभं राहिलं, माहीमचा कॉजवे त्याच वर्षी त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे अवाबाईंच्या पैशातून झाला. त्याआधी लोक बोटीने खाडी ओलांडत आणि बुडून मरत. आज बसून त्या माणसाला अफूवाला म्हणणं मला पटत नाही. त्या काळात मुंबईतून तो धंदा कायदेशीर होता. पारशी, गुजराती, मारवाडी, कोकणी मुसलमान, बगदादी यहुदी, सगळेच त्यात होते.

---

मोतीनदी

मी सहा वर्षं ग्वांगझूत आहे, नोकरीनिमित्त. ज्या शहराला हे सगळे कँटन म्हणायचे तेच हे शहर. तिथून तासा-दीड तासावर हूमन आहे. लिन झशू या चिनी अधिकाऱ्याने १८३९ च्या जूनमध्ये जप्त अफू नष्ट केली ती जागा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं की अफू जाळली असेल. जाळली नाही. समुद्राकाठी मोठे हौद खोदले, त्यात पाणी आणि मीठ, अफूचे गोळे फोडून टाकायचे, वरून चुनकळी. सगळं उकळून रटरटलं की भरती-ओहोटी बघून दार उघडायचं आणि समुद्रात सोडायचं. तीन आठवड्यांहून जास्त दिवस काम चाललं. सुरू करण्याआधी लिन झशूने समुद्रदेवतेची प्रार्थना लिहिली, की मी तुझ्यात हे विष सोडतो आहे, मला क्षमा कर. मी आमच्या कोळीवाड्यात वाढलो. नारळी पौर्णिमेला दर्याला हात जोडणारी माणसं माझ्या घरात आहेत. तिथे उभा असताना घशात आवंढा आला.

इंग्रज अधिकारी चार्ल्स इलियटने व्यापाऱ्यांकडून गोळा करून दिलेल्या पेट्या २०,२८३. त्यातल्या कितीतरी मुंबईहून आलेल्या. चिनी बाजारात पाटण्याच्या अफूला 'कंपनी माती' अशा अर्थाचं नाव होतं आणि माळव्याच्या अफूला 'पांढरी साल'. पारशी व्यापाऱ्यांना त्यांच्या पगडीवरून 'पांढऱ्या डोक्याचे परके' म्हणत. शहराजवळच्या बेटावर त्यांची दफनभूमी आहे. मी गेलो होतो. गुजराती अक्षरं कोरलेल्या शिळा चिनी झाडांखाली.

@बंदरावरचा, मुंबईतून कायदेशीर होता हे खरं. पण पेटी मुंबईत कुणी फोडत नव्हतं ना? जिथे फोडायची तिथे तो गुन्हा होता आणि नेणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत होतं. म्हणून तर जहाजं नदीच्या तोंडाशी लिंटिन बेटापाशी थांबायची आणि माल रात्रीच्या होड्यांतून जायचा.

---

बंदरावरचा

हे बरोबर आहे. मला लिंटिन माहीत नव्हतं. तरी आजोबांचं ऋण मला सोडता येत नाही.

---

मोतीनदी

सोडू नका. मी सोडा म्हणतच नाही.

---

गोदीचा_मुलगा

वडील माझगावला गोदीत होते, त्यामुळे एक गोष्ट सांगतो. ती अफू नष्ट केल्यावरून इंग्रजांनी चीनशी युद्ध केलं, तेच पहिलं अफू युद्ध. १८४२ च्या ऑगस्टमध्ये चीनला हार मान्य करायला लावणारा नानजिंगचा तह झाला तो 'कॉर्नवॉलिस' नावाच्या युद्धनौकेवर. ती नौका मुंबईच्या गोदीत बांधलेली. वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींच्या हाताखाली, मलबारी सागवानाची, १८१३ मध्ये पाण्यात उतरलेली. तहात चीनकडून २ कोटी १० लाख डॉलर घ्यायचे ठरले, त्यातले ६० लाख नष्ट केलेल्या अफूपोटी.

---

जुना_जकातदार

आणि हा हिशोब करून बघा. ६० लाख भागिले २०,२८३. पेटीमागे तीनशे डॉलरांच्याही आत. मुंबईतल्या कितीतरी व्यापाऱ्यांना याहून महाग पडली होती. शिवाय ते पैसे हातात यायला चार वर्षं लागली आणि त्या काळात कर्जावर व्याज चढत होतं. मोठे तरले, लहान पेढ्या बसल्या. हुंड्यांची साखळी मुंबईहून इंदूर-उज्जैनपर्यंत असल्यामुळे हादरा तिकडेही गेला असणार.

मुंबईत अफूवर सट्टाही तेवढाच चाले. कलकत्त्याच्या लिलावात पाटण्याची अफू काय भावाने जाईल यावर मुंबईत बसून पैजा. अशाच एका पैजेचं भांडण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि १८४८ मध्ये निकाल लागला की पैजेचा करार पाळावा लागेल. त्याच वर्षी सरकारने कायदा करून पैजा रद्दबातल ठरवल्या. आज करार कायद्यात पैजेबद्दल जे कलम आहे त्याची मुळं तिथवर जातात.

---

नीमचकर

आमच्याकडे आजही पट्टा, म्हणजे अफू पिकवायचा सरकारी परवाना, आहे. १० आरींचा. (१० आरी म्हणजे ०.१० हेक्टर.) मराठी माणसं आम्ही, पण चार पिढ्या इकडेच.

पेरणी कार्तिकात, चिरा द्यायच्या माघ-फाल्गुनात. दुपारी बोंडावर बारीक पात्याच्या हत्याराने उभ्या चिरा, रात्रभर चीक झिरपतो, पहाटे खरवडून गोळा करायचा. दिवस वर आला की काम थांबलं. पोपटांनी बोंडं फोडू नयेत म्हणून जाळी. गावाचा लंबरदार रोजचं वजन वहीत लिहितो, नार्कोटिक्स खात्याचे लोक अचानक येऊन ती वही तपासतात. ठरलेला उतारा भरला नाही तर पुढच्या वर्षी पट्टा जाऊ शकतो. सगळा चीक सरकारला, सरकारी भावाने. मग तो नीमच किंवा गाझीपूरच्या कारखान्यात औषधासाठी.

काका, तुम्ही जो काटा सांगितलात तो वाचून आमच्या तोलाचा दिवस डोळ्यांसमोर आला. माणसं रात्रीपासून रांगेत असतात.

@शिप्राकाठची, एक तपशील. तुमच्या पानावर ज्येष्ठ आहे. त्या काळी चीक काढल्यावर जवसाच्या तेलात मुरवत, मग वड्या वळून सुकवत, त्यात कित्येक महिने जात. ज्येष्ठात मुंबईला गेलेला माल म्हणजे आदल्या वर्षीचा. पावसाळा लागायच्या आत रवाना केलेला.

---

शिप्राकाठची

नीमचकर दादा, हे कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. मनापासून आभार.

जमशेटजींवरचा वाद मी वाचते आहे. त्याच शहरातली दोन माणसं सांगते. एक दादाभाई नौरोजी. स्वतः पारशी व्यापारी पेढीत भागीदार होते आणि तरी त्यांनी उघड लिहिलं की हिंदुस्थानातून इंग्लंडकडे जो पैसा वाहतो तो भरून काढायला चीनला विष पाजावं लागतं आहे. म्हणजे त्या काळात हे कुणाला दिसत नव्हतं असं म्हणता येत नाही.

दुसरी आमच्या पुण्याची. सुंदराबाई पवार. पंडिता रमाबाईंच्या वर्तुळातल्या, ख्रिस्ती, मराठी. त्या इंग्लंडात जाऊन सभांतून अफूविरुद्ध बोलल्या. १८९२ मध्ये त्यांची इंग्रजी पुस्तिका निघाली, तिच्यात इंग्रज सरकारवर सरळ आरोप आहे. पुण्यात राहून मी इतकी वर्षं हे नाव ऐकलं नव्हतं याचं मला वाईट वाटतं. आगरकर, रानडे, फुले, रमाबाई पाठ आहेत आणि ही बाई कुठे गेली?

---

परळची_मुलगी

+१. मीही आज पहिल्यांदा ऐकलं. यावर वेगळा धागा काढा ताई.

---

तापीकाठ

मग हा पास बंद केव्हा झाला?

---

जुना_जकातदार

थोडक्यात सांगतो. दुसऱ्या अफू युद्धात १८५८ मध्ये चीनला अफू कायदेशीर करायला लावली. पिकुलमागे, म्हणजे साठेक किलोमागे, ३० ताएल (ताएल हे चांदी मोजायचं चिनी वजन) चांदी आयात जकात. १८८५ मध्ये अंतर्गत कर धरून ती ११० ताएल झाली. म्हणजे आता दोन्हीकडे नाका, इथे इंग्रजांचा, तिथे चीनचा. इंग्लंडात विरोध वाढला म्हणून १८९३ मध्ये शाही आयोग बसला, कलकत्त्यापासून फिरत १८९४ च्या फेब्रुवारीत मुंबईत आला. अहवालात बहुमताने व्यापाराची पाठराखण केली. हेन्री विल्सन या एका सभासदाने भिन्नमत लिहिलं.

खरं वळण चीनने दिलं. १९०६ मध्ये बादशाही फर्मान निघालं की दहा वर्षांत अफू बंद. चीन आपली लागवड मोडत असेल तर भारतानेही निर्यात कमी करावी, असा करार झाला. ५१,००० पेट्या धरून १९०८ पासून दर वर्षी ५,१०० कमी. चीनने आपलं वचन कुणालाच वाटलं नव्हतं इतक्या वेगाने पाळलं, आणि १९१३ मध्ये भारतातून चीनला जाणारी अफू थांबली. माळव्याचा पासही तिथेच संपला. शेवटच्या वर्षांत पेट्या कमी होणार हे कळल्यावर भाव इतके भडकले की इंदूरच्या सर सेठ हुकुमचंदांसारख्यांनी त्या सट्ट्यात मिळवलेल्या पैशातून पुढे कापडाच्या गिरण्या उभ्या केल्या.

जाता जाता एक सांगतो. बाकी देशांना जाणारी अफू त्यानंतरही बरीच वर्षं चालू होती.

---

शिप्राकाठची

फोटो टाकायला उशीर झाला, माफ करा. माझ्या मोडीच्या बाईंना मूळ पान दाखवलं. त्यांनी भिंगातून बघून तळाची पुसट ओळही लावली. मी 'पाठविणे' वाचत होते ते तसं नव्हतं. ओळ अशी आहे:

"माल मुंबईंत पडून. दर नाही. हुंडी परत."

काका, दर १२५, कंपनी रुपया, ज्येष्ठ, आणि माल पडून. शके १७६१ असेल का? १८३९?

---

जुना_जकातदार

ताई, फार मोह होतो, पण जपून. १८३९ च्या मार्चमध्ये लिन झशूने अफू काढून घेण्यासाठी कँटनला परदेशी व्यापाऱ्यांना कोंडलं, ती बातमी मुंबईला पोचायला महिना-दोन महिने धरले तर ज्येष्ठात उज्जैनला असं लिहिलं जाणं जुळतं. पण नंतरची तीन वर्षंही युद्धाचीच होती. त्या काळात मुंबईत माल कितीदा तरी पडून राहिला असेल. १८३५ ते १८४३ हे पक्कं म्हणा, १८३९ पेन्सिलने लिहा.

पुढच्या पानांवर त्याच पेढीचं नाव किंवा मुंबईच्या अडत्याचं नाव आहे का बघा. आणि हुंडी परत आल्यावर त्या चार पेट्यांचे ५०० रुपये कुणाच्या नावे टाकले तेही बघा. पासाचे पैसे सरकार परत करत नसे.

---

शिप्राकाठची

पुढचं पान बघितलं. ५०० शेतकऱ्यांच्या खात्यावर वाटून टाकले आहेत. सात नावं आहेत, प्रत्येकापुढे रक्कम आणि व्याजाचा दर. अक्षर त्याच हाताचं, आमच्याच माणसाचं. नावं लावून झाली की इथे टाकते.